ओझं उचलणाऱ्याचं ओझं

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या मोहल्ल्यातला एक पोरगा हातात कागद घेऊन माझ्याकडे आला. मी बी. ए. झालेला, त्यामुळे मोहल्ल्यातले इंग्रजी कागद वाचायला माझ्याकडे येतात. पासपोर्टचे फॉर्म, बँकेची पत्रं आणि मुख्य म्हणजे आखातातल्या नोकरीचे करार. खाडीकाठच्या आमच्या गावांत असा करार घरटी एक तरी येऊन गेलेला असतो. मुलानं कागद पुढे केला आणि विचारलं, "चाचा, कामाचं नाव 'रिगर हेल्पर' लिहिलंय. एजंट म्हणतो, क्रेनवरचं काम आहे, वजन क्रेन उचलते, आपण नुसतं उभं राहायचं. खरं काय ते सांगा."

पगार, ओव्हरटाइम, राहण्याची सोय हे सगळं मी त्याला वाचून दाखवलं. पण 'नुसतं उभं राहायचं' हे काही माझ्या घशाखाली उतरेना. कारण हे काम आयुष्यभर केलेला एक माणूस माझ्या घरातच आहे. माझे मामू. मी मुलाला म्हटलं, "उद्या सकाळी ये. तुला मामूंकडे नेतो. पण त्यांच्याशी बोलताना त्यांच्या उजव्या हाताकडे नीट बघ."

मामू मुंबईला एका इंजिनियरिंग कारखान्यात खलाशी होते. खलाशी म्हटलं की आपल्याला जहाज आठवतं. पण कारखान्यात आणि बांधकामावर जड यंत्रं दोर, साखळ्या, कप्प्या लावून उचलणाऱ्या, सरकवणाऱ्या, जागेवर बसवणाऱ्या माणसालाही खलाशीच म्हणतात. यात आश्चर्य काही नाही. डोलकाठी उभी करणं, शीड चढवणं, नांगर ओढणं ही कामं जहाजावर शिकलेले हात जमिनीवर उतरले, तेव्हा हुन्नरही बरोबर उतरला आणि नावही. इंग्रजीत याच कामाला रिगिंग म्हणतात. तो शब्दही जहाजाच्या शिडा-दोरांवरूनच आला.

मामूंच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत. लहानपणी मला वाटायचं, एखादं भलंमोठं यंत्र त्यांच्या हातावर पडलं असणार. मोठा झाल्यावर विचारलं, तेव्हा कळलं की तसं काहीच झालं नव्हतं. त्या दिवशी सकाळी त्यांच्या टोळीनं कित्येक टनांचा एक कॉम्प्रेसर उचलून पायावर अलगद बसवला होता. कुणाला खरचटलंही नव्हतं. मग मुकादम म्हणाला, चेनकुप्पी पलीकडच्या खांबापाशी नेऊन ठेवा, उद्या तिथं काम आहे. मामूंनी आणि एका हेल्परनं ती दोन बाजूंनी धरून उचलली. पन्नास पावलंसुद्धा जायचं नव्हतं. हेल्परचा पाय लोंबत्या साखळीत अडकला, त्याची पकड सुटली आणि सगळं वजन मामूंकडे झुकलं. लोखंडी खांब आणि कुप्पीचा हूक यांच्यामध्ये बोटं सापडली. मामू सांगतात, "ओझ्यानं कधी काही केलं नाही रे. ओझं उचलायच्या सामानानं बोटं नेली."

आज मला याच सामानाबद्दल बोलायचं आहे. क्रेन ओझं उचलते हे खरं. पण क्रेनच्या हुकाला जे अडकवायचं, ते हुकापर्यंत कोण नेतं? वायर रोप, साखळ्या, शॅकल, कप्प्या, लाकडी ठोकळे, जॅक ही सगळी सामग्री गोदामातून जागेवर आणि काम संपल्यावर जागेवरून गोदामात माणूसच वाहतो. अनेकदा हातानं, खांद्यावर, घसटत. ओझं उचलण्याच्या आधी नकाशा काढतात, साहेब उभा असतो, शिट्टी वाजते, आजूबाजूची माणसं दूर करतात. सामान हलवताना मात्र यातलं काहीच नसतं. तेव्हा कुणी ते 'काम' धरतच नाही. कामाच्या आधीची तयारी नाहीतर कामानंतरची आवराआवर, एवढीच त्याची गणती.

आता या सामानाची वजनं बघा. चेनकुप्पी, म्हणजे चेन पुली ब्लॉक, तुम्ही गॅरेजमध्ये तिकाटण्याला टांगलेली पाहिली असेल. पाच टन उचलणाऱ्या कुप्पीचं स्वतःचं वजन साधारण ३५ ते ४५ किलो भरतं. दहा टनांची घेतली तर ते ७०-८० किलोंच्या घरात जातं. शॅकल म्हणजे घोड्याच्या नालासारखी जाड लोखंडी कडी, तिच्या तोंडातून आडवी पिन जाते. लहान शॅकल खिशात मावते. पण ५५ टनांसाठीच्या एका शॅकलचं वजन ४० किलोंच्या पुढे जातं. २४ मिलीमीटर जाडीचा वायर रोप मीटरला दोन किलोंहून जास्त भरतो. म्हणजे २० मीटरचं एक भेंडोळं झालं ४० किलोंहून अधिक.

एक गंमत बघा. गंमत म्हणायची, पण आहे गंभीर. कुप्पीवर मोठ्या आकड्यांत लिहिलेलं असतं, ५ टन. हे ती किती उचलू शकते त्याचं वजन. तिला उचलायला किती किलो लागतात, हे बहुधा तिच्यावर कुठंच ठळक लिहिलेलं नसतं. ते कारखानदाराच्या माहितीपत्रकात असतं आणि माहितीपत्रक साहेबाच्या कपाटात असतं. खलाशाला ते कळतं कमरेतून.

कमरेचं गणित समजून घेण्यासारखं आहे. पहारीनं दगड उचकटताना आपण पहारीखाली एक टेकू देतो. टेकूपासून हात जितका लांब, तितकी आपली ताकद वाढते. आपल्या पाठीत हाच हिशेब उलटा चालतो. कमरेतले मणके हा टेकू. पाठीचे स्नायू टेकूपासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर आणि हातातलं ओझं वाकलेल्या अवस्थेत ५० सेंटिमीटरवर. म्हणजे दहापट अंतर. हातात २० किलो असले, तर ते तोलायला पाठीच्या स्नायूंना २०० किलोंच्या आसपास जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचं वजन त्याशिवाय वेगळं. हा सगळा दाब जातो मणक्यांमधल्या चकतीवर. तेच २० किलो पोटाशी धरले, अंतर निम्म्यावर आणलं, की तो जोरही निम्मा होतो. आपल्याकडच्या बायका भरलेली घागर कमरेवर अंगाला लावून नेतात, हात लांब करून नेत नाहीत. त्यांना हे शास्त्र पिढ्यान् पिढ्या माहीत आहे.

स्वीडनमधले अस्थिशल्यविशारद आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांतल्या चकतीत बारीक सुई घालून दाब मोजला होता. उभं असताना किती, बसल्यावर किती, वाकून वजन उचलताना किती. वाकून उचलताना दाब किती चढतो, ते त्यांच्या मोजमापांतून दिसलं. कंबर वळवून, म्हणजे पाय एकीकडे आणि ओझं दुसरीकडे, असं उचललं की चकतीवर पीळही पडतो. आणि अडचणीच्या जागेत, पाइपांच्या मध्ये, मचाणावर काम करणाऱ्या खलाशाला सरळ उभं राहून उचलायची सवड कुठली?

मग माणसानं उचलायचं तरी किती? अमेरिकेच्या 'निऑश' या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेनं १९९१ साली आपलं सूत्र सुधारलं. त्यात सगळी परिस्थिती उत्तम असेल तर मर्यादा आहे २३ किलो. उत्तम म्हणजे ओझं अंगाजवळ, पकड चांगली, वळावं लागत नाही, पुन्हा पुन्हा उचलायचं नाही. यातली एकेक सोय गेली की आकडा खाली येतो. नुसतं ओझं अंगापासून ५० सेंटिमीटरवर असेल, तरी मर्यादा निम्मी, साडेअकरा किलो. ब्रिटनमध्ये पुरुषांसाठी मार्गदर्शक आकडा २५ किलोंचा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंचा आकडा सांगितला होता. आपल्याकडे सिमेंटची गोणीच मुळी ५० किलोंची. त्यामुळे ४० किलोंची कुप्पी एकट्यानं खांद्यावर घेतली तर आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट, घेणाऱ्याची वाहवा होते.

आणि ही वाहवाच घात करते. मामूंच्या टोळीत एक धिप्पाड गडी होता. जी कुप्पी दोघं न्यायचे ती तो एकटा न्यायचा. मुकादम त्यालाच हाक मारायचा, कारण काम लवकर व्हायचं. चाळिशीच्या आत त्याच्या पायात मुंग्या येऊ लागल्या, मग कमरेपासून टाचेपर्यंत कळ. चकती सरकून शिरेवर दाब येतो तेव्हा अशी कळ येते. त्याचा काही 'अपघात' झालेला नव्हता. कुठली तारीख नाही, साक्षीदार नाही, रक्ताचा थेंब नाही. रोज थोडं थोडं होत होतं. शेवटी तो गावी गेला आणि पुन्हा कामावर आला नाही.

कमरेनंतर बोटं. मामूंनी त्या मुलाला समोर बसवून जे सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. बोट सापडण्याच्या जागा ठरलेल्या असतात. पहिली, वायर रोप किंवा पट्टा आणि ओझं यांच्यामध्ये. क्रेन हळूच ताण घ्यायला लागते आणि खलाशी शेवटच्या क्षणी रोप सरळ करायला हात घालतो. ताण आला की तिथून हात निघत नाही. दुसरी जागा, कुप्पीच्या दातेरी चाकावर चढणारी साखळी. तिसरी, शॅकलची पिन. एका हातानं जड शॅकल तोलायची आणि दुसऱ्यानं पिन बसवायची, यात शॅकल फिरली की बोट गेलं. चौथी, ओझं खाली टेकताना त्याच्याखाली घालायचा लाकडी ठोकळा. ठोकळा नेहमी बाजूनं धरायचा, वरून-खालून बोटांनी कवेत घ्यायचा नाही.

वायर रोपची आणखी एक खोड असते. जुना झाला की त्याच्या बारीक तारा तुटून काट्यासारख्या बाहेर येतात. हात फिरवला की हातमोजा फाडून आत घुसतात. खलाशी तो काटा दातानं उपटतो आणि पुढे जातो. पण तो काटा सांगत असतो की रोपचं वय झालं. आपल्या गोदीच्या आणि बांधकामाच्या नियमांत एक हिशेब दिला होता: रोपच्या जाडीच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या दहा टक्क्यांवर गेल्या, की तो रोप वापरायचा नाही. भेंडोळं सोडतानाही सांभाळावं लागतं. पोलादी रोप गुंडाळून बांधलेला असतो तेव्हा त्यात स्प्रिंगसारखा जोर साठलेला असतो. बांधलेली पट्टी समोर उभं राहून कापली तर मोकळं टोक तोंडावर येतं. आणि जमिनीवर पसरलेल्या रोपच्या वेटोळ्यात पाय ठेवून कधीही उभं राहू नये. पलीकडून कुणी ओढलं की वेटोळं फास होतं.

उंचावर कुप्पी टांगणं ही तर स्वतंत्र कसरत. शिडीवर किंवा मचाणावर चढून, ४० किलोंचं धूड छातीशी धरून, वरच्या तुळईच्या हुकात अडकवायचं. हात दोनच. ते कुप्पीला लावले तर शिडी कशानं धरायची? मामूंची पद्धत सोपी होती. आधी रिकाम्या हातांनी वर जायचं, एक लहान कप्पी टांगायची, तिच्यातून दोर खाली सोडायचा आणि त्या दोरानं मोठी कुप्पी वर घ्यायची. म्हणजे ओझं उचलणाऱ्यालाही उचलायला एक छोटा उचलणारा. दहा मिनिटं जास्त लागतात. या दहा मिनिटांवरूनच मुकादमाशी वाद होतात.

याच ठिकाणी कोनाचा हिशेबही सांगायला हवा, कारण जड सामान टाळण्याच्या नादात तिथं चूक होते. लांब रोप वाहून आणायचा कंटाळा, म्हणून हाताशी असलेला आखूड रोप लावला जातो. दोन मुलांनी बादलीच्या कडीतून दोर ओवून दोन टोकं धरली आहेत, असं समजा. जवळजवळ उभी राहिली तर बादली हलकी लागते. एकमेकांपासून लांब गेली की दोर आडवा होत जातो आणि बादली तीच असूनही हात तुटायला येतात. क्रेनच्या हुकाखाली दोन पायांचा रोप लावला की हेच घडतं. ओझं दोन टनांचं असलं आणि रोप जमिनीशी ६० अंशांचा कोन करत असला, तर प्रत्येक पायावर साधारण १.१५ टन ताण येतो. ४५ अंशांना तो १.४१ टन होतो. ३० अंशांना थेट दोन टन! एकेका पायाला जणू सगळं ओझं एकट्यानं पेलावं लागतं. आखूड रोप म्हणजे कमी कोन आणि कमी कोन म्हणजे जास्त ताण. गोदामातून लांब रोप आणायला दोन माणसं आणि एक हातगाडी दिली असती, तर ही वेळच आली नसती.

या धंद्याची भाषाही मला नेहमी ओढ लावते. क्रेनवाल्याला खालून ओरडून सांगतात, "हबेस! हबेस!" म्हणजे वर घे. आणि "आरिया!" म्हणजे खाली सोड. मी मामूंना विचारलं, हे शब्द कुठले? ते म्हणाले, आमच्या उस्तादाचे. उस्तादाला कुणी शिकवले, ते उस्तादालाच ठाऊक. पुढे मी शोध घेतला तेव्हा कळलं, ही जुन्या जहाजांवरची लश्करी बोली. 'आरिया' हा पोर्तुगीज 'आर्रियार'पासून आला, त्याचा अर्थ शीड किंवा दोर खाली सोडणं. टॉमस रोबक या गोऱ्या अधिकाऱ्यानं १८११ साली कलकत्त्यात जहाजावरच्या हिंदुस्तानी शब्दांचा कोशच छापला होता. म्हणजे शिडाच्या जहाजांचे हुकूम आज मेट्रोच्या आणि पुलांच्या कामावर गर्जत आहेत. 'हमाल' आणि 'मुकादम' हे अरबीतून आलेले, 'कप्पी' आपली, 'शॅकल' इंग्रजांची. एका कुप्पीभोवती चार भाषा उभ्या असतात.

पण याच शब्दांत एक धोकाही आहे. गोंगाटात चारजण चार बाजूंनी ओरडले, तर क्रेनवाल्यानं ऐकायचं कुणाचं? म्हणून हाताच्या खुणा ठरलेल्या आहेत. हात उभा, तर्जनी वर आणि हाताचा गोल फेरा म्हणजे वर घे. हात खाली, तर्जनी जमिनीकडे आणि तसाच फेरा म्हणजे खाली सोड. खूण एकानंच करायची. मात्र 'थांब' ही खूण कुणीही करावी आणि क्रेनवाल्यानं ती कुणाचीही मानावी. काल कामाला लागलेल्या हेल्परचीसुद्धा. हे जेव्हा मी त्या मुलाला सांगितलं, तेव्हा त्याला खरं वाटेना. "चाचा, नव्या पोराचं कोण ऐकणार?" मामू म्हणाले, "ऐकतात. आणि जिथं ऐकत नाहीत, तिथं तू आधी बाजूला हो."

खलाशांच्या कसबाबद्दल बोलायचं तर केरळातल्या बेपूरचे मापिला खलाशी आठवतात. लाकडी जहाजं किनाऱ्यावरून पाण्यात लोटणं हा त्यांचा पिढीजात धंदा. लाकडी रहाट, दोर, कप्प्या आणि एका सुरात लावलेला जोर, एवढीच त्यांची यंत्रसामग्री. ८ जुलै १९८८ रोजी पेरुमण पुलावरून आयलंड एक्सप्रेसचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले, तेव्हा ते डबे बाहेर काढायला या खलाशांना बोलावलं होतं. त्यांच्या त्या कामाची आठवण केरळात आजही काढतात. आपल्या कोकणातल्या खलाशांनीही अशी कामं केली आहेत. त्यांची नोंद मात्र कुणी ठेवली नाही. पण कसब म्हणजे कवच नव्हे. मामू त्यांच्या टोळीत सगळ्यांत हुशार होते. बोटं त्यांचीच गेली.

मोठे अपघात वर्तमानपत्रात येतात. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्यात नव्या क्रेनची चाचणी चालू असताना ती कोसळली, ११ माणसं गेली. बरोबर तीन वर्षांनी, १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर चढवणारं यंत्र कोसळलं आणि २० कामगार मेले. त्या बातम्या आपण वाचल्या, हळहळलो. चिमटलेलं बोट, पायावर पडलेली शॅकल, सरकलेली चकती यांची बातमी होत नाही. पण एखाद्या घराची चूल विझायला तेवढंही पुरतं.

कायदा होता आणि आहे. १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम २९ नुसार उचलण्याच्या यंत्रांची, साखळ्यांची, दोरांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम माणसाकडून कसून तपासणी करून तिची नोंद ठेवायची आणि किती वजन सुरक्षित, याचे तक्ते ठळक जागी लावायचे. कलम ३४ तर साध्या शब्दांत होतं: इजा होईल इतकं जड ओझं कुणालाही उचलायला, वाहायला किंवा हलवायला लावू नये. महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी कामगारांसाठी वेगळा कायदा केला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीचं ते फळ. डोक्यावर ओझं वाहणाऱ्याचंही एक दफ्तर असतं, त्यालाही भविष्यनिर्वाह निधी मिळतो, हे त्या कायद्यानं दाखवून दिलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने कायद्यासारखे केंद्राचे जुने कायदे नव्या कामगार संहितांमध्ये गेले आहेत. नावं आणि कलमांचे आकडे बदलले, पण कामगाराला इजा होऊ न देण्याची मालकाची जबाबदारी संपलेली नाही.

एक जुना तक्ता मात्र माझ्या मनातून जात नाही. १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होतं. त्यात माणसाच्या हाताचा हिशेब टक्क्यांत मांडला होता. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरायचं. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधलं बोट १२, करंगळी किंवा अनामिका ७. एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर २० टक्के. अर्ध्या बोटाचा, पेराचा, शेंड्याचाही वेगळा भाव. वाचताना अंगावर काटा येतो. पण मामूंना या तक्त्यामुळेच थोडीफार रक्कम मिळाली, हेही खरं. त्या धिप्पाड गड्याला काहीच मिळालं नाही. झिजलेली कंबर त्या तक्त्यात नव्हती. यादीबाहेरच्या इजेसाठी डॉक्टरकडून कमाईची ताकद किती घटली याचा दाखला आणायचा आणि ती इजा कामावरच झाली हे दाखवायचं. तारीख नसलेली इजा कशी दाखवणार?

म्हणूनच कंबर दुखू लागली त्याच दिवशी सांगावं, लिहून द्यावं, डॉक्टरला काय काम करतो ते सांगावं आणि कागद जपून ठेवावा. मी त्या मुलाला हे दोनदा सांगितलं. आपल्याकडे हाड मोडल्याशिवाय माणूस तोंड उघडत नाही. त्याला आपण सोशिकपणा म्हणतो आणि त्याचं कौतुकही करतो.

बाकीचे उपाय काही महाग नाहीत. जड कुप्पी चाकांच्या गाडीवरून न्यावी. लोंबती साखळी आधी पिशवीत किंवा घमेल्यात गोळा करावी, मगच कुप्पी उचलावी; मामूंची बोटं त्या एका गोष्टीनं वाचली असती. दोघांनी उचलायचं असेल तर 'उचल' आणि 'ठेव' एकानंच म्हणायचं. जायची वाट आधी मोकळी करायची. पोलादी टोकाचे बूट घालायचे. हातमोजे घालायचे, पण फिरत्या साखळीजवळ सैल मोजा घात करतो, हेही लक्षात ठेवायचं. उन्हात तापलेलं लोखंड उघड्या हातानं धरायचं नाही. आखातात तर नाहीच. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम आहे, तोही मी त्याला कागदावर लिहून दिला.

आणि एक सूचना मामूंची. ज्या कारखान्यात, ज्या बांधकामावर असं सामान आहे, तिथल्या साहेबांनी ती ऐकावी. रंगाचा एक डबा आणि एक ब्रश घ्या. प्रत्येक कुप्पीवर, प्रत्येक मोठ्या शॅकलवर, रोपच्या प्रत्येक भेंडोळ्याच्या बिल्ल्यावर तिचं स्वतःचं वजन किलोंत लिहा. २५ किलोंच्या वर असेल त्याला लाल पट्टा मारा: एकट्यानं उचलायचं नाही. ते वाचलं की नवा पोरगा लाजणार नाही, दुसऱ्याला हाक मारेल. मामूंनी हे त्यांच्या मुकादमाला सुचवलं होतं. तो हसला होता.

निघताना मुलानं मामूंना सलाम केला. मामूंनी त्याचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. आपल्या अर्ध्या बोटांनी त्याची बोटं एकेक करून मोजली. दहा भरली. मग म्हणाले, "कुठंही हात घालायच्या आधी तो बाहेर काढायची वाट बघून ठेव. आणि सुट्टीवर येशील तेव्हा पहिला इकडे ये. मी पुन्हा मोजणार."

मागच्या गुरुवारी तो गेला. दोन वर्षांचा करार आहे.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)